इंजिन टेकलं

रविवार, रात्र

साबणानं तीनदा धुऊनही नखांतलं काळं गेलेलं नाही. पण आज कित्येक महिन्यांनी गाडी आयडलिंगला उभी असताना आरशात मागचं झाड नीट, कडेसकट दिसलं. इतके दिवस तिथे नुसता हिरवा डाग हलायचा.

ही थरथर कार्ब्युरेटरची असणार असं मी धरून चाललो होतो. तो उघडला, साफ केला. मग प्लग, पॉइंट, टायमिंग. फरक शून्य. शेवटी गेल्या रविवारी धाकट्या भावाला आत बसवलं, हँडब्रेक ओढला, ब्रेक दाबून पहिला गिअर टाकायला लावला आणि म्हटलं, क्लच अगदी जेमतेम सोड. मी बाजूला उभा होतो. अशा वेळी गाडीच्या पुढ्यात कुणीही उभं राहू नये. इंजिनाची डावी बाजू बोटभर वर आली आणि खाडकन खाली बसली. फाउंडेशन, म्हणजे इंजिनाला चेसीवर (गाडीच्या सांगाड्यावर) तोलून धरणारं रबरी माउंटिंग, गेलं होतं.

जुनं माउंटिंग हातात घेऊन बराच वेळ बघत बसलो. दोन लोखंडी पट्ट्या आणि मध्ये चिकटवलेलं जाड रबर, एवढंच ते. रबर वरच्या पट्टीपासून सुटलं होतं. दाबलं तर बोटाचा खळगा तसाच राहिला आणि काजळासारखा थर बोटाला लागला. टॅपेट कव्हरमधून (इंजिनातल्या वॉल्व्हवरच्या झाकणातून) झिरपणारं ऑइल वर्षानुवर्षं त्याच्यावर ठिबकत होतं. साधं रबर ऑइल पिऊन फुगतं, मऊ पडतं, मग भाराखाली बसतं. नव्याशेजारी ठेवलं तर जुनं तब्बल आठ मिलिमीटर बुटकं! म्हणून आधी टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं. ती गळती तशीच ठेवली असती तर नव्याचीही हीच गत झाली असती.

कडक पॉलियुरेथेनचे घाल, टिकतात, असं एकानं सुचवलं होतं. टिकतात हे खरंच, पण थरथर गिळत नाहीत, चेसीकडे पाठवतात. चार सिलिंडरचं इंजिन 800 आरपीएमला फिरताना मिनिटाला 1600 स्फोट होतात, म्हणजे सेकंदाला जवळजवळ 27. ते धक्के कुणीतरी सोसायला हवेत. 1931 मध्ये क्रायस्लरनं प्लिमथच्या गाडीत ‘फ्लोटिंग पॉवर’ आणली ती याचसाठी: पुढचा आधार उंच, मागचा खाली, आणि मधली रेष इंजिनाच्या गुरुत्वमध्यातून जाईल अशा बेतानं सगळं रबरावर तोललेलं. रोज चालवायच्या गाडीला रबरच हवं, यावर मी ठाम आहे.

बदलणं अवघड नव्हतं. बॅटरीची तार काढली, चेंबरखाली, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याखाली, जाड फळी ठेवून जॅक लावला (फळीशिवाय चेंबरचा पत्रा दबतो), फॅन आणि होजकडे लक्ष ठेवत थोडं थोडं उचललं. तिन्ही माउंटिंग बदलली, गिअरबॉक्सचंही. चुकलो ते पुढे. शेवटचा बोल्ट भोकात बसेना, तर पहार लावून इंजिन सरकवलं आणि लगेच आवळून टाकलं. सुरू केल्यावर थरथर पहिल्यापेक्षा जास्त! रबर पिळलेल्या अवस्थेत जखडलं गेलं होतं. त्याला हलायला जागाच नव्हती. त्या रात्री झोप आली नाही.

आज सगळं पुन्हा सैल केलं. बोल्ट का बसत नव्हता ते मग कळलं: सायलेन्सरचा पुढचा पाइप इंजिनाला एका बाजूला ओढून धरत होता. त्याचा क्लॅम्प ढिला करताच इंजिन आपणहून सरकलं आणि तोच बोल्ट बोटांनी आत गेला. पहारेचं काहीच काम नव्हतं.

गिअरबॉक्सच्या माउंटिंगखाली गंजाचा चौकोनी ठसा होता. तिथल्या शिम (उंची जुळवायच्या पातळ पट्ट्या) कधीतरी कुणीतरी काढून टाकलेल्या. अँगल गेजनं मोजलं, तर गिअरबॉक्सचा शाफ्ट आणि मागच्या चाकांना फिरवणाऱ्या डिफरन्शियलचा पिनियन यांच्यात जवळपास एक अंशाचा फरक. हे दोन समांतर असले तरच त्यांना जोडणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांचे क्रॉस (वळते सांधे) एकमेकांचा झटका खोडून काढतात. दोन-दोन मिलिमीटरच्या तीन शिम घातल्या, फरक अर्ध्या अंशावर आला.

मग जॅक पूर्ण उतरवला. बोल्ट दोन-दोन आटे सैलच. दोन्ही हातांनी इंजिन हलवलं, सुरू केलं, मिनिटभर चालू दिलं, बंद केलं. ते थोडं डोललं आणि टेकलं. त्यानंतरच पाना हातात घेतला. आधी माउंटिंग, शेवटी सायलेन्सरचा क्लॅम्प. फॅनच्या पात्यापासून रेडिएटरचं अंतर दोन्हीकडे सारखं भरलं.

अर्थिंगची वेणी, म्हणजे इंजिन आणि चेसी यांना जोडणारी जाड तार, आठवणीनं जोडली. रबरातून वीज जात नाही. ती वेणी राहिली तर सेल्फचा करंट क्लच किंवा एक्सलेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल जळते.

बोल्टांच्या डोक्यांवरून पट्टीपर्यंत पांढऱ्या रंगाची रेघ ओढली आहे. 500 किलोमीटरनंतर बघायचं, सरकली आहे का.