आजीची दक्षिण

पंख्याखाली यावा म्हणून दुपारी पलंग सरकवला, आणि पाय दक्षिणेला तर जात नाहीत ना, हे बघायला मोबाइलमधलं होकायंत्र उघडलं. आधी त्याने मला हवेत इंग्रजी आठ काढायला लावले. मग सेटिंगमध्ये ‘खरी उत्तर’ असा पर्याय दिसला. म्हणजे इतके दिवस मी खोट्या उत्तरेच्या भरवशावर झोपत होतो की काय?

होतो, तसं म्हटलं तर. पृथ्वी ज्या आसाभोवती फिरते त्याच्या टोकाचा ध्रुव वेगळा आणि सुई मानते तो वेगळा. जेम्स क्लार्क रॉस १८३१ साली कॅनडाच्या उत्तरेला बूथिया द्वीपकल्पावर पोचला, तेव्हा तिथे सुई जवळजवळ उभी राहिली. हाच तो चुंबकीय ध्रुव. रॉस परतला आणि ध्रुवही निघाला. पृथ्वीच्या पोटातलं वितळलेलं लोखंड घुसळत असतं, त्याच्या मर्जीने हा चालतो. या शतकाच्या सुरुवातीला तर वर्षाला पन्नासेक किलोमीटर धावायचा, सैबेरियाच्या रोखाने; आता जरा मंदावलाय. अढळपद मागून घेतलेल्या त्या पोराचं नाव या भटक्याला कुणी दिलं, कोण जाणे.

आजोळ अलिबागजवळ. फुटक्या रेडिओच्या स्पीकरमधलं चुंबक सुतळीला बांधून आम्ही किनाऱ्यावरून ओढत न्यायचो. त्याला काळ्या रेतीची दाढी फुटायची. ती झाडली तरी पुरती निघत नसे, आणि खिशात घेऊन आलं की आजी अंगणातच अडवायची. अलिबागला पृथ्वीचं चुंबकत्व मोजणारी वेधशाळा आहे, तिच्याबद्दल मामा सांगायचा, तिथे बांधकामात लोखंडाचा खिळासुद्धा नाही. मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार, मग कुलाब्याच्या वेधशाळेतल्या सुया बिथरणार, म्हणून १९०४ साली हे बिऱ्हाड अलिबागला आलं. आम्हाला ती थाप वाटायची.

खरी थाप वाटावी अशी गोष्ट पुढे कळली. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी सह्याद्रीचा लाव्हा थिजत होता, तेव्हा बराच काळ पृथ्वीचं चुंबकत्व उलटं होतं. होकायंत्र असतं तर सुईचं उत्तरेचं टोक दक्षिणेला वळलं असतं. काळ्या दगडात ते अजून तसंच गोठलेलं आहे. आजीचा पाटाही त्याच दगडाचा. त्यावर तिने जन्मभर चटण्या वाटल्या.

आमच्याकडे दोन्ही उत्तरांत एका अंशाचाही फरक नाही, म्हणून पलंग होता तिथेच राहू दिला.

आजीला शेवटी ओटीवर ठेवलं, तेव्हा भटजींनी विचारलं, “उत्तर कुठे?” सगळ्यांनी एकदम विहिरीकडे बोट केलं.