पॉइंट्स नाहीत, तर धावायचं कशाला?

रविवार, रात्री

नॅसकारचं, म्हणजे अमेरिकेतल्या मोटार शर्यतींचं, 2026चं वेळापत्रक चाळताना डोव्हरपाशी अडकले. डेलावेअरमधल्या या ट्रॅकवर 1969पासून पॉइंट्सची, म्हणजे चॅम्पियनशिपसाठी गुण मिळवून देणारी शर्यत होत आली. आता तिथे ऑल-स्टार नावाची बिनपॉइंट्सची शर्यत. म्हणजे निकालाचा चॅम्पियनशिपशी काडीचा संबंध नाही, जिंकणाऱ्याला दहा लाख डॉलर, बस्स.

नवरा पक्का क्रिकेटवाला. त्याचा प्रश्न ठरलेला, "पॉइंट्स नाहीत, तर जीव खाऊन धावायचं कशाला?"

त्याला 1992ची, नॉर्थ कॅरोलायनातल्या शर्लटची शर्यत दाखवली. दिव्यांच्या उजेडातली पहिली ऑल-स्टार. शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट या ड्रायव्हरची गाडी गिरकी खाते, काइल पेटी आणि डेव्ही अ‍ॅलिसन हे दोघे शेजारी शेजारी अंतिम रेषेकडे झेपावतात. अ‍ॅलिसन जेमतेम अर्ध्या गाडीने पुढे, आणि त्याच क्षणी दोघांची टक्कर होऊन त्याची गाडी भिंतीवर. जिंकला तो, पण बक्षीस घ्यायला हजर नव्हता. बेशुद्धावस्थेत त्याला हॉस्पिटलात नेलं होतं. चॅम्पियनशिपचा हिशेब डोक्यात असता तर इतका धोका पत्करला असता का कुणी? नवरा गप्प बसला. (दोन मिनिटंच. मग म्हणाला, हा तर वेडेपणा.)

पण ती शर्यत दाखवून वाद जिंकता येत नाही, हे मलाही कळतं. तेव्हा ऑल-स्टार शर्लटलाच व्हायची आणि बहुतेक टीम्सची गॅरेजं त्याच परिसरात. पुढच्याच आठवड्यात तिथे 600 मैलांची शर्यत, त्यामुळे मेकॅनिक मंडळी रात्री घरी जेवायला. आता पॉइंट्सच्याच 36 शर्यती, फेब्रुवारी ते नोव्हेंबर. त्यात ऑल-स्टारसाठी पुन्हा बाडबिस्तरा बांधून डोव्हर गाठायचं. कशासाठी?

क्लॅशचं, म्हणजे मोसमाआधीच्या दुसऱ्या बिनपॉइंट्सच्या शर्यतीचं, मात्र मी समर्थन करते. 2022मध्ये लॉस एंजलिसच्या कोलिसियम स्टेडियममध्ये, अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर डांबर अंथरून पाव मैलाचा ट्रॅक केला. 2024ला पावसाचा अंदाज आला, तर रविवारची शर्यत सरळ शनिवारीच उरकली. पॉइंट्सच्या शर्यतीत असं केलं असतं तर केवढा गदारोळ झाला असता! मग 2025ला क्लॅश नेली नॉर्थ कॅरोलायनात, विन्स्टन-सेलमच्या बोमन ग्रे स्टेडियमवर. पाव मैलाचा सपाट ट्रॅक, मध्ये फुटबॉलचं मैदान, पिट स्टॉपला (टायर बदलायला, इंधन भरायला थांबायला) धड जागा नाही, म्हणून मध्यंतर ठेवलं. 1971नंतर कपच्या, म्हणजे नॅसकारच्या सर्वोच्च मालिकेच्या गाड्या पहिल्यांदाच तिथे आल्या. वळणावर ढकलल्याशिवाय पुढे जायची सोयच नाही, आणि प्रेक्षकांना तेच हवं असतं.

नॉर्थ कॅरोलायनातला नॉर्थ विल्क्सबरो हा जुना ट्रॅकही असाच परत आला. 1996नंतर कपने पाठ फिरवली आणि ट्रॅकची पार रया गेली. 2023ला ऑल-स्टार तिथे नेऊन बघितली, लोक तुटून पडले, आणि आता 2026ला तिथे पॉइंट्सची शर्यत. बिनपॉइंट्सच्या शर्यतीचा हाच खरा उपयोग: जागा पारखून घ्यायची. फसलं तर कुणाचं चॅम्पियनशिप बुडत नाही.

डोव्हरचं काय पारखायचंय? त्याला तर सगळे ड्रायव्हर ओळखून आहेत. तिथली हक्काची शर्यत काढून हे हातावर ठेवणं मला पटलेलं नाही. न्यायचीच असेल तर नॅशव्हिलच्या फेअरग्राउंड्सवर न्या, 1984पासून कपची वाट बघतोय तो ट्रॅक. तसं झालं तर नवऱ्याचं तिकीटही मीच काढेन, त्याला न विचारता.