नंबर सोलापूरचा, फिरणं जगभर

टेरी टॉवेलच्या धंद्यात असल्यामुळे मला वर्षातून बरेचदा देशाबाहेर जावं लागतं. जानेवारीत फ्रँकफर्टचं हाइमटेक्स्टील हे घरगुती कापडाचं प्रदर्शन ठरलेलं. मधे दुबईच्या व्यापाऱ्यांच्या भेटी, मशिनरी बघायला चीन, आणि एक जुनी इच्छा पूर्ण झाली ती जपानची. कारखाना सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहे. ओळखीपाळखीत कुणीही परदेशात निघालं की फोन येतो, "ताई, तिकडे सिम कुठलं घेऊ?"

नुसत्या नेटचा प्रश्न असेल तर उत्तर आता फार सोपं झालंय. फोन जरा नवा असेल तर त्यात ई-सिम चालतं. घरी बसून त्या देशाचा डेटा विकत घ्यायचा, क्यूआर कोड स्कॅन करायचा आणि विमानातून उतरलं की चालू करायचं. विमानतळावर सिमच्या दुकानासमोर रांगेत उभं राहण्याचे दिवस गेले. पण मी फोन करणाऱ्याला आधी दुसरंच विचारते : तुमचा इथला नंबर तिकडे चालू राहील याची सोय केलीत का?

कारण आज आपलं सगळं त्या नंबरावर आहे. बँकेचा ओटीपी त्यावर, क्रेडिट कार्डाचा त्यावर, आधार त्याला जोडलेलं, व्हॉट्सअ‍ॅप त्यावर. हॉटेलचं बुकिंग आपल्या कार्डाने करायला गेलं की ओटीपी सोलापूरच्या नंबरावरच येणार. आणि ई-सिमवाल्या बहुतेक प्रवासी पॅकमध्ये फक्त डेटा असतो, नंबर नसतोच. लोक काय करतात, की रोमिंगचं बिल येईल या भीतीने विमानात बसताना भारतातलं सिम काढून पाकिटात ठेवतात. मग फ्रँकफर्टच्या हॉटेलात रिसेप्शनवर उभं राहून कार्डाने ऑनलाइन पैसे भरायला जातात, ओटीपी जातो पाकिटातल्या सिमला. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्याच व्यवसायातले एक ज्येष्ठ गृहस्थ रात्री अकराला लॉबीत उभे होते, खोलीची किल्ली मिळेना.

सिम काढायची काहीच गरज नसते. निघण्याआधी आपल्या कंपनीकडून इंटरनॅशनल रोमिंग सुरू करून घ्यायचं, फोनच्या सेटिंगमध्ये त्या सिमचं डेटा रोमिंग तेवढं बंद ठेवायचं, आणि डेटासाठी ई-सिम लावायचं. येणाऱ्या एसएमएसला साधारणपणे पैसे पडत नाहीत. कॉल मात्र उचलायचा नाही, तो महागात जातो.

कार्डाचंही तसंच. 2020 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवीन कार्ड फक्त देशातल्या वापरासाठी चालू असतं. परदेशातला वापर आपण स्वतः बँकेच्या अ‍ॅपमधून सुरू करायचा असतो, मर्यादाही आपणच ठरवायची. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते इथे बसून करावं.

यूपीआयबद्दल लोकांच्या अपेक्षा फार वाढल्यात आणि त्याचा मला अभिमानच वाटतो. सिंगापूरच्या पेनाऊ या पैसे पाठवायच्या यंत्रणेशी आपलं यूपीआय फेब्रुवारी 2023 मध्ये जोडलं गेलं, पुढच्या फेब्रुवारीत श्रीलंका आणि मॉरिशसमध्ये सुरू झालं, पॅरिसला आयफेल टॉवरच्या तिकिटालाही चालू लागलं. पण यूपीआयची एक गोष्ट प्रवासाआधी पक्की माहीत हवी. अ‍ॅप नव्या फोनमध्ये टाकलं की ते आपल्या सिमवरून गुपचूप एक एसएमएस पाठवतं आणि त्यावरून खात्री करतं की सिम याच फोनमध्ये आहे. म्हणजे दुबईत स्वस्त मिळाला म्हणून नवा फोन घेतला आणि तिथेच सगळं त्यात हलवायला गेलात, तर तो एसएमएस परदेशातून जायला हवा. नाही गेला तर यूपीआय बंद. नवा फोन आणा जरूर, पण हलवाहलवी घरी येऊन करा.

आणि निघायच्या आदल्या दिवशी सिम बदलू नका. सिम बदललं, किंवा साध्या सिमचं ई-सिम करून घेतलं, की फसवणूक टाळण्यासाठी 24 तास त्या नंबरावर एसएमएस बंद ठेवतात. नियम चांगला आहे, पण त्या 24 तासांत तुम्ही मुंबईहून उडून कुठेतरी पोचलेले असता.

फोनचं नेट नेमकं कसं फिरतं हे मला चीनमध्ये कळलं. हॉटेलच्या वायफायवर गूगल उघडत नव्हतं, व्हॉट्सअ‍ॅप चालत नव्हतं, घरी फोटो जाईना. वायफाय बंद केलं, भारतातल्या सिमचं रोमिंग चालू केलं, आणि सगळं धडाधड सुरू झालं. रोमिंगमध्ये आपला डेटा तिथल्या टॉवरवरून आत शिरतो खरा, पण तो आधी आपल्या कंपनीच्या भारतातल्या यंत्रणेत येतो आणि तिथून इंटरनेटवर बाहेर पडतो. म्हणून चीनमध्ये बसून आपण जणू सोलापुरातूनच नेट वापरत असतो. रोमिंगवर नेट जरा संथ वाटतं त्याचंही कारण हेच लांबचं वळण. चीनला जाणाऱ्याने म्हणूनच ई-सिमवर पैसे घालण्याआधी रोमिंग पॅकचा विचार करावा.

दुबईत दुसरी अडचण. तिथे व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जातात, कॉल लागत नाहीत. इंटरनेटवरून बोलायला फक्त परवानगी असलेली अ‍ॅप्स चालतात. मी तिथे व्हॉइस नोटवर भागवते. आमचे मुकादम अण्णा तेलुगूत बोलून पाठवतात, मी मराठीत उत्तर देते, दोघांनाही दोन्ही कळतं. हे आमच्या सोलापुरात नवीन नाही. पण व्हॉइस नोटचा मोठा फायदा असा की समोरच्याला मध्येच उठावं लागत नाही. हिवाळ्यात फ्रँकफर्ट आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. इकडे सकाळी आठला पाळी लागली की तिकडे पहाटेचे साडेतीन. पूर्वी त्या वेळी खणखणून फोन यायचा, ताणा तुटला, अमक्या मशीनचं काय करू. आता नोट येऊन पडते, मी सहाला उठून ऐकते.

फोनने मला जे दिलं त्यात सगळ्यात मोठी गोष्ट अक्षता सोहळ्याची, म्हणजे सोलापूरच्या गड्डा यात्रेतल्या प्रतीकात्मक लग्नाची आहे. हाइमटेक्स्टील आणि सिद्धेश्वर महाराजांची गड्डा यात्रा दोन्ही जानेवारीत, आणि पुष्कळदा एकाच आठवड्यात. लहानपणापासून कधी चुकला नव्हता असा सोहळा धंद्यामुळे चुकायला लागला. आता संमती कट्ट्यावरून, म्हणजे सोहळा होतो तिथून, थेट प्रक्षेपण असतं. इकडे दुपार असते, तिकडे प्रदर्शनाचे हॉल उघडायची वेळ. स्टॉलच्या मागच्या बाजूला टॉवेलच्या खोक्यांवर फोन टेकवून मी ते बघते. सातही नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, आणि "बोला बोला एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र". शेजारच्या स्टॉलवर तुर्कस्तानची मंडळी असतात, त्यांनी विचारलं तर त्यांनाही दाखवते. त्यातल्या एका बाईंनी बाराबंदीचं कापड कुठलं हे विचारलं होतं. कापडाच्या माणसाला कापड दिसतंच.

पण फोनला जे जमत नाही ते अजिबात जमत नाही, आणि माझ्या धंद्यात तेच मुख्य आहे. समजा, ग्राहकाला फिकट मोतिया रंगाचा टॉवेल हवाय. मी कारखान्यात ट्यूबलाइटखाली फोटो काढला तर तो पिवळसर दिसतो. दारात उन्हात काढला तर निळसर पांढरा. फोनचा कॅमेरा स्वतःच्या मनाने पांढरा रंग ठरवतो आणि बाकीचे रंग त्याप्रमाणे सरकवतो. वर बघणाऱ्याचा फोन वेगळा, त्याचा स्क्रीन वेगळा. म्हणून आम्ही फोटोत टॉवेलशेजारी छापील रंगपट्टी ठेवतो, तरीही शेवटचा होकार कुरियरने गेलेला तुकडा हातात आल्यावरच मिळतो. आणि पाइल, म्हणजे टॉवेलवरचे ते लूप, किती दाट आहेत, पिळल्यावर कसे परत उभे राहतात, हे बोटांशिवाय कळत नाही. 2021 आणि 2022 च्या जानेवारीत कोरोनामुळे हाइमटेक्स्टील झालंच नाही. त्या काळात आम्ही व्हिडिओ कॉलवर काम रेटलं. जुने ग्राहक टिकले, कारण त्यांच्या हाताला आमचा माल ओळखीचा होता. नवीन एकही जोडला गेला नाही. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, पण परदेशातला खरेदीदार मानांकन वाचण्याआधी टॉवेल मुठीत धरून बघतो.

जपानला गेले ती याच ओढीने. तिथलं इमाबारी हे टॉवेलचं गाव, शिकोकू बेटावर. ओकायामाहून रेल्वे समुद्रावरच्या सेतो पुलावरून जाते. मोबाइलच्या नकाशाने मला गाडी, प्लॅटफॉर्म, बदलायचं स्टेशन सगळं सांगितलं आणि ते मिनिटाला बरोबर निघालं. डब्यात मात्र कुणी फोनवर बोलत नव्हतं. तिथे तसा शिष्टाचारच आहे, बोलायचं असेल तर दोन डब्यांमधल्या जागेत जातात. इमाबारीच्या दुकानात टॉवेलवरचं लेबल भाषांतराच्या अ‍ॅपने कॅमेऱ्यातून वाचलं. तिथल्या प्रमाणित टॉवेलची एक कसोटी आहे : तुकडा पाण्यावर टाकला की पाच सेकंदांत बुडायला लागला पाहिजे, म्हणजे त्याने तितक्या लवकर पाणी प्यायलं. परत आल्यावर आमचे टॉवेल लगेच बादलीत टाकून पाहिले. जे बुडायला वेळ लावत होते त्यांची धुलाई आणि सॉफ्टनर बदलून घेतलं. लेबल वाचलं फोनने, पण काम झालं ते पाण्याने.

पॉवर बँकेबद्दल थोडक्यात. तो चेक-इन सामानात कधीच ठेवायचा नाही, हातातल्या बॅगेतच. 100 वॉट-अवरच्या (बॅटरीच्या क्षमतेचं माप) आतला घ्या, आणि त्यावर आकडा छापलेला असू द्या. 2025 पासून नियम कडक झालेत : कोरियात तो वरच्या कप्प्यात ठेवू देत नाहीत, एमिरेट्सच्या विमानात वापरूही देत नाहीत, आणि चीनमधल्या देशांतर्गत विमानांत त्यांच्या सुरक्षा-प्रमाणपत्राचा 3सी शिक्का नसेल तर तो काढून घेतात. माझ्यासमोर एकाचा नवाकोरा गेला.

आता ज्या कारणासाठी हे लिहायला बसले ते. आपल्याकडची मुलं पुण्याला शिकतात आणि तिथून अमेरिकेला जातात. मग आईवडील सहा महिन्यांसाठी त्यांच्याकडे जातात. आमच्या गल्लीतले एक काका असेच जाऊन आले. मुलाने तिकडचं सिम घेऊन दिलं, इथलं सिम कपाटात राहिलं. सलग 90 दिवस नंबर वापरला नाही आणि त्यात पुरेशी शिल्लक नसली तर कंपनी तो बंद करू शकते, आणि बंद झालेला नंबर काही काळाने दुसऱ्या कुणाला दिला जातो. काकांचा गेला. पेन्शनचं खातं, गॅसचं बुकिंग, आधार, सगळं त्या नंबराशी जोडलेलं. आधारचा मोबाइल नंबर बदलायला त्यांना केंद्रावर जावंच लागलं. बँकेच्या शाखेत तर वेगळे फॉर्म, वेगळ्या सह्या. सत्तरी ओलांडलेला माणूस महिनाभर उन्हात हे करत फिरला. मला याचा अजून राग आहे, कारण एवढी वर्षं खात्यात व्यवहार करणाऱ्या माणसाला बँक तोंडाने ओळखते, पण नंबर गेला की ओळखत नाही.

आणि हे पुढे वाढणारच आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये दूरसंचार विभागाने व्हॉट्सअ‍ॅपसारख्या अ‍ॅप्सना निर्देश दिले की ज्या सिमवर खातं उघडलंय ते सिम फोनमध्ये चालू असेल तरच अ‍ॅप चाललं पाहिजे. फसवणुकी थांबवायला हे केलंय हे मला मान्य आहे. पण त्यामुळे कपाटात सिम ठेवून जाणाऱ्या आजी-आजोबांचा इकडच्या भावंडांशी असलेला धागाही त्या सिमवर आला. परदेशात राहणाऱ्या मुलांसाठी सोय झाली आहे, अमेरिकेसह काही देशांतले अनिवासी भारतीय तिथल्याच नंबरावर यूपीआय वापरू शकतात. सहा महिने पाहुणे म्हणून जाणाऱ्या आईवडिलांना ती लागू नाही. रिझर्व्ह बँकेने 1 एप्रिल 2026 पासून एसएमएस ओटीपीखेरीज दुसऱ्या पद्धतींना वाट मोकळी केली आहे. बँकांनी त्या पद्धती पेन्शनच्या रांगेतल्या माणसाला समोर बसवून समजावल्या पाहिजेत. अ‍ॅपवर एक नोटिफिकेशन टाकून ते होणार नाही.

आमच्या शेजारच्या काकू मे महिन्यात मुलाकडे कॅलिफोर्नियाला निघाल्यात. मुलाने त्यांच्यासाठी अमेरिकेतून आयफोन आणलाय. 2022 पासून तिकडे विकल्या जाणाऱ्या नव्या आयफोनला बहुतेक सिमचा ट्रेच नसतो. म्हणजे काकूंचा नंबर ई-सिममध्ये न्यायला हवा, तोही इथे असताना. मी त्यांना एप्रिलच्या शेवटी दोन दिवस मोकळे ठेवायला सांगितलेत : आधी ई-सिम, मग 24 तास थांबायचं, मग यूपीआय, मग वर्षाचं रिचार्ज आणि रोमिंग. बँकेत मीच सोबत जाणार आहे.