न दिसणाऱ्या पात्राची तालीम

एका अंतराळयानात पाच माणसं आहेत. सहावं कुणीतरी आहे. ते दिसत नाही, बोलत नाही, पण या पाचांच्या मनाचा ताबा घेऊन त्यांच्याकडून हवं ते करून घेतं. यंदाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला आमच्या कॉलेजच्या मुलांना हेच करायचं होतं. मी त्याच कॉलेजातून, त्याच टीममधून बाहेर पडलेली, म्हणून लिहायला आणि बसवायला मला बोलावलं. विषय ऐकताक्षणी मी हो म्हणाले. विज्ञानकथा आपल्याकडे वाचली भरपूर जाते, रंगमंचावर मात्र फार क्वचित येते, याची मला कित्येक वर्षं हळहळ वाटत आली आहे.

पहिल्या वाचनाआधीच मुलांनी सूचनांचा पाऊस पाडला. घुमणारा आवाज, हिरवा प्रकाश, ताबा घेतला की पात्राचे डोळे ताठ आणि चाल यंत्रासारखी. म्हणजे अंगात आल्यासारखं. मला ते नको होतं. ‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या १९६८ सालच्या एका भागात यानावरच्या माणसांना एकमेकांविरुद्ध भडकवणारं असंच एक अस्तित्व आहे. त्यांच्या द्वेषावर ते जगतं आणि शेवटी हास्याने त्याला हुसकावलं जातं. पण तिथेही प्रेक्षकाला ते गरगरणाऱ्या प्रकाशाच्या रूपात दाखवलंय. प्रेक्षकाला दिसलं की तो निवांत होतो, शत्रू कुठे आहे ते त्याला कळतं. आमच्या प्रेक्षकाला ते अजिबात कळू द्यायचं नाही, एवढं मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

मग दाखवायचं काय? इथे मला होसे डेल्गादो कामी आले. हे मूळचे स्पेनचे, अमेरिकेत येल विद्यापीठात काम करणारे मेंदूशास्त्रज्ञ. त्यांनी १९६९ साली एका रुग्णाची हकीकत लिहिली आहे. त्याच्या मेंदूत बारीक तारा बसवल्या होत्या. विशिष्ट जागी वीज सोडली की हा माणूस हळूच मान आणि अंग वळवून एका बाजूला बघायचा, काहीतरी शोधतोय असं वाटावं तसा. का वळलास असं विचारलं तर त्याच्याकडे दर वेळी उत्तर तयार असायचं. कधी म्हणायचा, स्लिपर शोधतोय. कधी, आवाज आला म्हणून. कधी, अस्वस्थ वाटत होतं, पलंगाखाली बघत होतो. वीज सोडणारा दुसराच होता आणि वळणाऱ्याला मात्र ते सगळं स्वतःच्या मनाने चाललंय असं वाटत होतं.

मी हे मुलांना वाचून दाखवलं आणि म्हटलं, आपल्या यानातला प्रत्येक जण हा स्लिपर शोधणारा माणूस आहे. ज्याचा ताबा घेतलाय त्याला ते कळता कामा नये. त्याचे डोळे ताठ होणार नाहीत, आवाज बदलणार नाही. उलट तो नेहमीपेक्षा जास्त समंजस वाटेल, कारण त्याच्याजवळ प्रत्येक गोष्टीचं कारण असेल.

त्यावरून तालमीत एक खेळ सुरू केला. सगळे वर्तुळात गप्पा मारत बसायचे. मी डावीकडच्या विंगेतून टाळी वाजवली की ज्याची पाळी असेल त्याने उठून आधी चिठ्ठीवर दिलेली कृती करायची. बाकीच्यांनी लगेच विचारायचं, ‘का रे उठलास?’ आणि त्याने क्षणाचाही वेळ न घेता, खरं वाटेल असं कारण द्यायचं. सुरुवातीला मुलं हसायची, कारणं रचायला थांबायची. डॉक्टरची भूमिका करणारी मुलगी मात्र एका संध्याकाळी उठली, खिडकीशी गेली, कडी उघडली, परत लावली आणि येऊन बसली. विचारल्यावर म्हणाली, ‘अगं, वास येतोय ना कसला तरी. तुला नाही येत?’ समोरची मुलगी खरंच हवा हुंगायला लागली. मग तिसरा म्हणाला, ‘हो, येतोय.’ वास कसलाच नव्हता. तालीम हॉलमध्ये त्या वेळी जे काही झालं ते मी घरी जाऊन जसंच्या तसं संहितेत उतरवलं. तो आमचा तिसरा प्रवेश.

वास म्हटल्यावर हवा आली. अंतराळयानात कुणी विचित्र वागायला लागलं तर जबाबदार डॉक्टर आधी परग्रहवासी शोधणार नाही, हवा तपासेल. १९२१ सालच्या अमेरिकेतल्या एका नेत्रवैद्यकीय नियतकालिकात विल्यम विल्मर यांनी एका कुटुंबाची हकीकत छापली होती. नव्या घरात राहायला गेल्यावर त्यांना पावलांचे आवाज यायला लागले, माणसं दिसायला लागली, कुणीतरी आपल्यावर नजर ठेवून आहे असं वाटायला लागलं. घर झपाटलेलं नव्हतं. घर गरम ठेवणारी भट्टी बिघडली होती आणि तिच्यातला कार्बन मोनॉक्साइड घरभर पसरत होता. आमची डॉक्टर ही हकीकत कमांडरला सांगते, पाचही जणांचं रक्त तपासते, हवेचे आकडे मोठ्याने वाचते. सगळं ठीक निघतं. माझ्या मते सबंध एकांकिकेतला सगळ्यात भीतिदायक क्षण हाच आहे: बिघाड सापडत नाही.

कमांडरचं आडनाव जगताप ठेवलं. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने कथा पाठवली होती, आद्याक्षरं उलटी करून. मराठीत यान उडवायचं तर त्यांना नमस्कार केल्याशिवाय मला पुढे जाववलं नाही.

यान कुठे आहे हे ठरवताना वेळेच्या मर्यादेची चक्क मदत झाली. एकांकिका पाऊण तासाची. यान गुरूच्या आसपास ठेवलं तर पृथ्वीवरून निघालेला संदेश तिथे पोचायला साधारण ३५ ते ५२ मिनिटं लागतात, ग्रह आपापल्या कक्षेत कुठे आहेत त्यावर. म्हणजे पहिल्या मिनिटाला जगताप पृथ्वीला ‘सल्ला हवा’ असा निरोप धाडतो आणि पडदा पडेपर्यंत त्याचं उत्तर येणं शक्यच नसतं. निरोप जायला चाळीस मिनिटं, यायला चाळीस. प्रेक्षक घड्याळ बघत बसला तरी हिशेब चुकणार नाही. हे जमलं तेव्हा मी एकटीच स्वयंपाकघरात टाळ्या वाजवल्या.

माणसं कशी वागतील यासाठी ‘मार्स-५००’ हा मंगळप्रवासाच्या तालमीचा प्रयोग उपयोगी पडला. मॉस्कोच्या जैववैद्यकीय संस्थेत जून २०१० ते नोव्हेंबर २०११ असे ५२० दिवस सहा पुरुष एका बनावट यानात बंद राहिले होते. मोठी भांडणं झाली नाहीत, पण त्यांच्या हालचाली कमी होत गेल्या, झोपेची घडी विस्कटली. एकाचा दिवस तर चोवीसऐवजी पंचवीस तासांच्या आसपास चालायला लागला, म्हणजे बाकीचे जागे असताना तो झोपलेला. हे वाचून मी मुलांना किंचाळायला बंदी केली. आमचे पाच जण कपावरून भांडतात, दिवा कुणी चालू ठेवला यावरून भांडतात. आणि प्रत्येक निर्णयाला हात वर करून मत देतात, नोंदवहीत लिहितात: तीन विरुद्ध दोन, चार विरुद्ध एक.

त्या नोंदवहीतूनच नाव सापडलं, ‘सर्वानुमते’. ते अदृश्य कुणीतरी जसजसं पसरतं तसतशी भांडणं थांबतात. पाच विरुद्ध शून्य. कप जागेवर, दिवे बंद, सगळे गोड बोलतायत. मार्ग बदलायचा ठराव सर्वानुमते, पृथ्वीशी संपर्क बंद करायचा ठराव सर्वानुमते. पहिल्या अर्ध्या भागात पात्रं रंगमंचभर विखुरलेली असतात, कुणी लेव्हलवर म्हणजे उंचवट्यावर, कुणी पाठमोरं. नंतर ती हळूहळू एका रेषेत येत जातात. ब्लॉकिंगसाठी, म्हणजे कुणी कुठे उभं राहायचं यासाठी, मी जमिनीवर खडूने खुणा केल्या होत्या आणि दर प्रवेशाला त्या वीतभर जवळ सरकवल्या. प्रकाशयोजना करणाऱ्या मुलाला वाईट वाटलं, कारण त्याच्या वाट्याला एकही झगमगाटी क्षण आला नाही. त्याला म्हटलं, ‘तू काहीच बदलला नाहीस म्हणूनच लोक घाबरतील.’ त्याने शांतपणे ते मान्य केलं आणि सगळा प्रयोग एका पांढऱ्या, निर्जीव उजेडात केला.

एकच खूण मी ठेवली. ताबा घेतलेलं पात्र आपला कप डाव्या हाताने उचलतं. कुणी त्याबद्दल बोलत नाही. गंमत म्हणजे इंजिनिअर करणारा मुलगा मुळातच डावखुरा. तो पहिल्या प्रवेशापासूनच डाव्या हाताने पितो. आणि शेवटपर्यंत विरोध करणारा एकटा तोच. त्यामुळे खूण ओळखणाऱ्या प्रेक्षकालाही त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

वनस्पतिशास्त्रज्ञाचं भाषण मला टीममधल्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थिनीने दिलं. मुंग्यांना ‘झोंबी’ करणारी ओफिओकॉर्डिसेप्स नावाची बुरशी असते. तिची लागण झालेली मुंगी झाडावर चढते, पानाच्या शिरेत जबडा रोवते आणि तिथेच मरते. मग तिच्या डोक्यातून बुरशीचा कोंब फुटतो. २०१७ साली संशोधकांनी अशा मुंग्यांचे अतिसूक्ष्म छेद घेऊन पाहिले तेव्हा बुरशीच्या पेशी स्नायूंना जाळ्यासारख्या वेढून होत्या, मेंदूत मात्र शिरलेल्या दिसल्या नाहीत. भाषण चार पानांचं झालं होतं, कापून अर्ध्या पानावर आणलं. शेवटचं वाक्य राहिलं: ‘सर, तिचा मेंदू शाबूत होता. ती सगळं बघत होती का?’

आवाजासाठी कॉलेजच्या सर्व्हर रूममधल्या पंख्यांची घरघर मोबाईलवर रेकॉर्ड केली. यानात पंखे अखंड चालावेच लागतात. तिथे गरम हवा आपोआप वर जात नाही, त्यामुळे पंखा थांबला तर झोपलेल्या माणसाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड त्याच्या तोंडाभोवतीच साचून राहतो. ती घरघर तिसऱ्या घंटेपासून सुरू, प्रेक्षक स्थिरस्थावर होईतो कानाला तिची सवय झालेली. साउंड सांभाळणाऱ्या मुलाने मधल्या प्रवेशांत ती इतक्या सावकाश खाली आणली की शेजारी बसूनही मला कळलं नाही.

शेवट मात्र लवकर सुटेना. हास्याने हुसकावणं दुसऱ्यांचं झालं होतं. शस्त्राने मारायचं तर मारायचं कुणाला? मग प्राचीन ज्यू न्यायसभेतला एक नियम आठवला. तालमूद या ज्यू धर्मग्रंथात तो नोंदवलेला आहे: मृत्युदंडाच्या खटल्यात सगळ्याच न्यायाधीशांनी दोषी ठरवलं तर आरोपीला सोडून द्यायचं. एकालाही त्याच्या बाजूने काही सुचलं नसेल तर त्या न्यायातच खोट आहे. आमचा इंजिनिअर हाच नियम यानावर आणतो. दर ठरावाआधी चिठ्ठ्या टाकायच्या. काळी चिठ्ठी ज्याला येईल त्याने विरोध करायचा, मनातून पटलेलं असलं तरी. त्या कुणीतरीला कारणं पुरवता येतात, पण चिठ्ठी कुणाला येणार हे त्याच्या हातात नाही.

प्रवेश बसवताना चिठ्ठ्या खऱ्याच टाकायच्या असं मी ठरवलं. म्हणजे प्रयोगातही कुणालाच आधी माहीत नाही, विरोधाचं भाषण पाचही जणांना पाठ. कमांडर करणाऱ्या मुलाला हे फार जड गेलं. ‘ताई, माझ्यावर चिठ्ठी आली तर जगताप स्वतःच्याच ठरावाविरुद्ध बोलणार?’ म्हटलं, हो, आणि तेव्हाच खरं नाटक होईल.

प्राथमिक फेरीत नेमकी त्यालाच आली. चिठ्ठी उघडून तो थांबला. मग अडखळत, एकेक शब्द ओढून काढत, पृथ्वीशी संपर्क तोडू नये याची कारणं द्यायला लागला. पहिली दोन पाठ केलेली, तिसरं त्या क्षणी सुचलेलं: ‘कारण माझी आई उत्तराची वाट बघत असेल.’ त्याने कप उचलला तो उजव्या हाताने. तिसऱ्या रांगेतून कुणीतरी शेजाऱ्याला म्हणालं, ‘बघ, हात बघ!’ मी विंगेत उभी होते, मला स्पष्ट ऐकू आलं. साउंडच्या मुलाने त्याच क्षणी घरघर पूर्ववत केली, ठरलेल्या जागेच्या दोन वाक्यं आधी, आणि ते बरोबरच होतं. आता ती तिथेच राहील.

आम्ही अंतिम फेरीत आहोत. त्यानंतरचा प्रयोग एका खुल्या रंगमंचावर आहे आणि तिथे रस्त्याच्या आवाजात रेकॉर्ड केलेली घरघर टिकणार नाही. म्हणून बॅकस्टेजची सात मुलं विंगेत बसून तोंड मिटून एकच सूर धरणार आहेत, आळीपाळीने श्वास घेत, म्हणजे तो तुटणार नाही. मधल्या प्रवेशांत एकेकाने गप्प व्हायचं. कुणी कधी थांबायचं याची यादी डॉक्टर करणारी मुलगी बनवते आहे. सुरासाठी पेटीच्या काळी चारपासून सुरुवात करून बघू.