बरणीतली आर्क्टिकची माती

काल लॅबमध्ये सॅम्पलच्या एका बरणीचं झाकण उघडलं आणि भसकन डिझेलचा वास आला, डोळ्यासमोर एकदम आमच्या गावचा एसटी डेपो! माती मात्र नुनावुतची, म्हणजे कॅनडाच्या पार उत्तरेकडच्या आर्क्टिक प्रदेशातली, जिथे एका गावातून दुसऱ्या गावात जायला रस्ताच नाही.

मग डिझेल तिकडे गेलं कसं, तर सोव्हिएत बॉम्बर उत्तर ध्रुवावरून येतील या भीतीने १९५५ ते ५७ मध्ये अमेरिकेने अलास्कापासून पूर्वेकडे रडार स्टेशनांची रांग उभी केली, ड्यू लाईन. एकट्या कॅनडात ४२ स्टेशनं. १९६३ मध्ये त्यातली निम्मी बंद केली, माणसं निघून गेली, पिंपं तिथेच. आणि पीसीबी नावाचं विषारी, सहजी न कुजणारं रसायन नुसतं ट्रान्सफॉर्मरच्या तेलात नव्हतं हो, भिंतींच्या रंगातसुद्धा होतं, म्हणजे पोपडा पडला की गेलं मातीत.

ही घाण साफ करण्यासाठी १९९६ मध्ये इनुविआलुइट आणि १९९८ मध्ये नुनावुतचे इनुइट या तिथल्या मूळ रहिवाशांशी करार झाले, सफाईच्या नोकऱ्या-कंत्राटांत त्यांचा वाटा ठरला. मेहेरबानी वगैरे काही नाही, जमीन त्यांची, शिकार करून खाणार तेच.

सफाई म्हणजे तरी काय? डिझेलची माती पसरायची, खत घालायचं, उलथत राहायचं, बॅक्टेरिया हळूहळू तेल खातात. आजोबांची नांगरटच म्हणा, फक्त पेरायचं काही नाही आणि हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा, त्यात अस्वलांवर नजर ठेवायला बंदूक घेऊन एक माणूस कायम उभा. पीसीबीला मात्र हा उपाय नाही. १ ते ५ पीपीएमची (म्हणजे दहा लाख भागांत १ ते ५ भाग पीसीबी) माती तिथल्याच लँडफिलमध्ये, कचरा पुरायच्या खड्ड्यात, पुरायची, त्याच्या वरची वेगळी काढायची, आणि ५० च्या वर गेली की जहाजाने दक्षिणेला, तेही समुद्रातला बर्फ वितळला तरच.

कॅनडाच्या सैन्याच्या वाट्याच्या २१ जागांचं काम २०१४ ला संपलं. पण मला खटकतं ते पुढचं. बऱ्याच लँडफिल्सचा भरवसा आहे पर्माफ्रॉस्टवर, म्हणजे बारा महिने गोठलेल्या जमिनीवर, आतला कचरा गोठून तिथेच राहील असा हिशोब. गोठलंय का ते बघायला आत थर्मिस्टर, म्हणजे तापमान मोजणारे सेन्सर, सोडलेत, २५ वर्षं तपासणी ठरलीय. आता जमीनच तापायला लागलीय तिकडची, आणि २५ वर्षांनंतर रीडिंग घ्यायला कोण जाणार, शिकारीला जाणारी माणसं तर तेव्हाही तिथूनच जाणार ना?