माठाच्या तळाशी असतात तसे कण

रविवार. रात्रीचे दहा.

साबण दोनदा लावला तरी हाताला कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचा, गोडसर वास आहेच.

मंगळवारी तुळजापूरच्या घाटात गाडीच्या टेंपरेचरचा काटा वर सरकला, तेव्हाच ठरवलं होतं, कूलंट बदलायचं आणि घरीच. आप्पांचं नेहमीचं, "आपल्याकडं काय बर्फ पडतोय का? नळाचं पाणी घाल की." त्यांनी जन्मभर टेम्पोत पाणीच घातलं. मी तरी काय वेगळं केलं? तीन वर्षं बोनेट उघडलं की हातातली बाटली रिकामी करत आलो.

सकाळी सहाला, इंजिन गार असताना, झाकण काढलं. (तापल्या इंजिनाचं झाकण उघडायचं नाही, एवढ्यावर आमचं दोघांचं एकमत.) खाली घमेलं सरकवून रेडिएटरच्या बुडाचा प्लग सैल केला. हिरवं काहीतरी येईल वाटलेलं. आला तांबूस, गढूळ चहा. घमेल्यात गंज बसला आणि पांढरे कण, माठाच्या तळाशी असतात तसे. आप्पांनी वाकून तो गाळ चिमटीत चोळला. बोलले काही नाहीत.

मापलं तर अडीच लिटर. पुस्तिकेत एकूण चार लिहिलेत. म्हणजे दीड लिटर इंजिनातच बसून. काल बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड पाण्याचे पाच-पाच लिटरचे दोन कॅन आणले ते बरं झालं. भरायचं, इंजिन तापवायचं, गार होऊ द्यायचं, सोडायचं. असं तीनदा. तापवताना हीटर फुल्ल, नाहीतर त्याच्या नळ्यांतलं जुनं पाणी तिथंच राहतं. एप्रिलचं ऊन, दुपारचा एक, आणि मी गाडीत हीटर लावून घाम पुसत बसलेलो. शेजारचे अण्णा गेटवरून ओरडले, "डोकं फिरलंय काय बे तुझं?"

तिसऱ्या वेळी पाणी नितळ आलं. मग हिशेब. आत दीड लिटर साधं पाणी आहेच, मिश्रण हवं निम्मं-निम्मं. म्हणून आधी दोन लिटर निव्वळ कूलंट, वर अर्धा लिटर पाणी. तयार मिसळलेलं ओतलं असतं तर सगळं पातळ झालं असतं. पाणी 100 अंशांना उकळतं, हे मिश्रण 107 च्या आसपास, झाकणाच्या दाबाखाली त्याहून वर. शिवाय आत गंज धरत नाही. बर्फाचा संबंधच नाही. आप्पांना हे सांगितलं. "हं."

झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं. बुडबुडे येत राहिले, वरचा पाईप मात्र गारच. वीसेक मिनिटांनी थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) उघडला, पाईप एकदम तापला आणि पातळी गपकन खाली गेली. भर घातली. फॅन लागला तेव्हा जिवात जीव आला.

जुनं पाणी कॅनमध्ये भरून ठेवलंय, उद्या गॅरेजवाल्याला विचारतो. गटारीत ओतायचं नाही. कूलंट चवीला गोड असतं, गल्लीतली कुत्री-मांजरं चाटतात आणि जिवानिशी जातात. म्हणून सांडलेलं सगळं धुतलं, तेही पिंपातल्या पाण्याने. नळाची पाळी परवा. यावरून घरात जे ऐकलं ते इथं लिहीत नाही.

जेवून बाहेर आलो तर बोनेट उघडं. आप्पा मोबाईलच्या उजेडात कूलंटच्या टाकीवरच्या रेघा बघत होते.

"सकाळी गार असताना परत बघ," म्हणाले, "हवा राहिली असंल तर रात्रीतनं उतरतंय."