खाऱ्या वाऱ्यातली शाळा : ठरावापासून स्लॅबपर्यंत माझा अनुभव

खाडीच्या तोंडावरच्या आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या दोन स्लॅबच्या खोल्या पाडून नव्या बांधून घेतल्या आणि जुना कौलारू भाग दुरुस्त करून घेतला. शाळा व्यवस्थापन समितीचा सदस्य म्हणून ठरावापासून शेवटच्या बिलापर्यंतचे कागद हाताखालून गेले. ज्यांच्या वाडीतली शाळा आता त्याच रांगेत उभी आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. निधी मिळवण्यात सगळ्यांची शक्ती जाते, पण समुद्राकाठची इमारत दहा वर्षं टिकणार की चाळीस, हे अंदाजपत्रकाच्या दोन-तीन ओळींत ठरतं. प्रशासकीय मान्यता झाली की त्या ओळी हलवणं फार कठीण.

सुरुवात यू-डायस प्लसच्या, म्हणजे शाळांची माहिती दरवर्षी भरायच्या सरकारी नोंदीच्या फॉर्मपासून करा. त्यात वर्गखोल्यांची स्थिती भरायची असते : चांगली, किरकोळ दुरुस्ती, मोठी दुरुस्ती. अनेक शाळांत गेल्या वर्षीची माहिती तशीच पुढे ओढली जाते आणि गळकी खोली कागदावर ‘चांगली’ राहते. मग समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या यादीत शाळा येतच नाही. मुख्याध्यापकांसोबत बसून ही एक नोंद आधी खरी करून घ्या. त्यानंतर समितीचा ठराव आणि शाळा विकास आराखडा (शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २२), ग्रामपंचायतीचा ठराव, तारखेसह फोटो, आणि प्रस्ताव केंद्रप्रमुखांकडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे. पट कमी असेल तर प्रश्न येणारच. अंगणवाडीतल्या मुलांची पुढच्या तीन वर्षांची यादी प्रस्तावालाच जोडा, म्हणजे फाईल त्या एका मुद्द्यावर परत येत नाही.

जागेचा कागद हा कोकणातला सगळ्यात मोठा अडसर. आजोबांच्या पिढीत कुणीतरी तोंडी शब्दावर शाळेला जागा दिली, शाळा उभी राहिली, पण सातबारा सामायिकच राहिला. आज त्यावर वीस-पंचवीस नावं, निम्मी मुंबईत, काही मयत, वारसनोंद नाही. बक्षीसपत्र किंवा संमतीपत्र करून घ्यायचं असेल तर ते गणपतीत किंवा मे महिन्यातच होतं, कारण तेव्हाच सगळे खातेदार गावात एका जागी सापडतात. तारीख आधी ठरवा, गावाच्या मुंबई मंडळाला कळवा, मसुदा तयार ठेवा. समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर सीआरझेडचंही (किनारा नियमन क्षेत्राचे नियम) बघावं लागतं. जुन्याच जोत्यावर, तेवढ्याच क्षेत्रफळात पुन्हा बांधणं हे नव्या जागी बांधण्यापेक्षा पुष्कळ सोपं जातं.

पाडायची इमारत असेल तर निर्लेखनाचा, म्हणजे ती सरकारी नोंदीतून काढण्याचा प्रस्ताव वेगळा आणि त्याच दिवशी सुरू करा. बांधकामाचं वर्ष, सध्याची स्थिती, अभियंत्याचा दाखला आणि निघणाऱ्या सामानाची अपेक्षित किंमत त्यात लागते. आदेश हातात नसताना एक चिराही काढता येत नाही. निधी मंजूर, कंत्राटदार तयार, आणि जुनी खोली जागेवर उभी, अशा अवस्थेत ३१ मार्च गाठलेल्या शाळा आहेत. निघणारी चांगली कौलं आणि वासे पोषण आहाराच्या शेडसाठी ठेवायचे असतील तर तेही निर्लेखनातच नमूद करून घ्या. लिलाव झाल्यावर मागून काही उपयोग होत नाही.

आता अंदाजपत्रक.

आमच्याकडे जांभ्याच्या भिंतींची कौलारू इमारत धडधाकट होती आणि तिच्यानंतर बांधलेल्या स्लॅबच्या खोल्या गेल्या. स्लॅबखाली उभं राहिलं की सळईच्या रेषेत तांबूस डाग दिसत. हातोडीच्या टोकाने ठोकलं की आधी टणक आवाज, मग पाऊलभर अंतरावर बद्द. तिथला खपला निघाला तेव्हा आतली सळई पदर सुटलेली, जागोजागी निम्मी झालेली, आणि तिच्याखाली काँक्रीटचं आवरण जेमतेम बोटाच्या पेराएवढं. खाऱ्या हवेतला क्लोराईड काँक्रीटमधून सळईपर्यंत पोचतो, गंज धरतो, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि खालचा थर ढकलून पाडतो. अशा स्लॅबला नुसता गिलावा मारून रंग दिला तर पैसे वाया. खपली काढून, सळई घासून, पॉलिमर मॉर्टरने भरली तरी काँक्रीटमध्ये मीठ मुरलेलं असेल तर ठिगळाच्या लगतच पुन्हा गंज सुटतो. म्हणून मोठ्या भागात बद्द आवाज येत असेल तर दुरुस्तीचा आग्रह धरू नका, संरचनात्मक तपासणीचा अहवाल मागा.

पहिली ओळ काँक्रीटची. नव्या स्लॅबसाठी आयएस ४५६ : २००० या काँक्रीटच्या भारतीय मानकात किनाऱ्याच्या हवेत उघड्या असलेल्या काँक्रीटला ‘तीव्र’ गटात धरलंय. त्याला किमान एम-३० काँक्रीट (एमपुढचा आकडा ताकदीचा), घनमीटरला किमान ३२० किलो सिमेंट, पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त ०.४५ आणि सळईवर ४५ मिलिमीटर आवरण. लाटांचे तुषार उडत असतील तर एम-३५ आणि ५० मिलिमीटर. देशावरच्या शाळेचा नमुना आराखडा उचलला की त्यात एम-२० आणि २० मिलिमीटर येतं. आमच्या पहिल्या अंदाजपत्रकात तेच होतं. शाखा अभियंत्यांना कलम दाखवून लेखी पत्र दिलं, तांत्रिक मान्यतेच्या आधी, आणि ते बदललं. आवरण वाढवलं की स्लॅबची जाडीही नव्याने काढावी लागते, हे त्याच पत्रात लिहा. नाहीतर सळई वर सरकते, जाडी तीच राहते आणि स्लॅब कमजोर होतो.

दुसरी ओळ वाहतुकीची, म्हणजे लीडची. गाडी जिथे थांबते तिथून शाळेपर्यंत साकव (छोटा पूल) आणि पाखाडी (पायऱ्यांची वाट) असेल तर सिमेंट, खडी, सळई डोक्यावरून जाते. हा खर्च अंदाजपत्रकात धरला नसेल तर निविदेला कुणी फिरकत नाही आणि फेरनिविदेत मोसम जातो. जीएसटी, रॉयल्टी आणि प्रयोगशाळा चाचण्यांची तरतूदही तेव्हाच बघून घ्या.

तिसरी ओळ छपराची. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ दापोली-मंडणगडवाल्यांना विसरता येणार नाही, आणि २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आलं. वाऱ्याची ओढ सगळ्यात जास्त कडांना, कोपऱ्यांना आणि आढ्याजवळ असते. तिथे पर्लिन (पत्रे ज्यावर बसतात ते आडवे) जवळ-जवळ आणि स्क्रू दुप्पट हवेत. कैचीची (छपराच्या त्रिकोणी सांगाड्याची) बेसप्लेट नुसत्या चिऱ्यात रोवली तर चिऱ्यासकट उपटून येते. भिंतीच्या माथ्यावर सलग आरसीसी पट्टा आणि त्यात अडकवलेले अँकर बोल्ट ही स्वतंत्र बाब अंदाजपत्रकात असायला हवी. लोखंडी पाईपांची उघडी तोंडं वेल्डिंगने बंद करायला सांगा. खारी हवा आत शिरली की पाईप आतून खातो आणि बाहेरचा रंग शाबूत दिसत राहतो.

कौलारू भागाचं गणित सोपं आहे. मंगलोरी कौल चौरस मीटरला साधारण १५ लागतात. आमचं छप्पर १८० चौरस मीटर, म्हणजे २,७०० आणि फुटतुटीसाठी दहा टक्के धरून ३,००० च्या आसपास. रिपा (कौलं टेकायच्या पट्ट्या) मारण्याआधी प्रत्यक्ष आणलेलं कौल मापून अंतर ठरवा, कारखान्यागणिक माप थोडं बदलतं. वाळवी लागते ती बहुतेक भिंतीत घुसलेल्या वाशांच्या टोकांना, तेव्हा मधला वासा ठोकून बघून ‘लाकूड ठीक’ लिहिलेलं मान्य करू नका. पागोळ्या पडतात तिथे जोत्याभोवती उतार असलेला पक्का ओटा घ्या, नाहीतर उडालेल्या पाण्याने खालचे चिरे कायम ओले राहतात.

निधी जिल्हा वार्षिक योजनेतून असो वा समग्र शिक्षातून, कॅलेंडर एकच. पावसाळ्यानंतर ऑक्टोबर ते मे एवढाच मोसम. कार्यारंभ आदेश मार्चमध्ये मिळाला तर शिमग्यात मजूर जातात आणि मृगाआधी हातात जेमतेम दोन महिने उरतात. निवडणुकीची आचारसंहिता आली तर नवे आदेशच थांबतात. आमच्या वर्गांची सोय देवळाच्या सभामंडपात केली होती, ग्रामपंचायतीचं पत्र घेऊन. स्वच्छतागृहाचा भार या निधीवर टाकू नका. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाकडून येणाऱ्या निधीत पाणी-स्वच्छतेसाठीचा बंधित हिस्सा असतो, तिकडे मागणी करा.

काम सुरू झालं की तीन ठिकाणी स्वतः उभं राहायचं. वाळू आणि पाणी : खाडीची वाळू येऊ द्यायची नाही, क्रश सँड किंवा नदीची गोडी वाळू. विहिरीचं पाणी काठावर मचूळ असतं. काँक्रीटसाठी क्लोराईडची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम, तपासणी करून घ्या. सळई : स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन फळीपासून सळईपर्यंत ठिकठिकाणी मोजा. दगडाचे तुकडे ठेवले असतील तर काढायला लावा, सळई उचलून धरणारे एकसारखे कव्हर ब्लॉक हवेत. दुसऱ्या बाजूला मजूर सळईवरून चालतात तेव्हा ती खाली बसते, म्हणून ओततानाही बघत राहावं लागतं. क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं : पीपीसी (मिश्र) सिमेंटला किमान १० दिवस, एप्रिलच्या उन्हात १४. आमच्याकडे विहीर आटायला आली होती, टँकरची तजवीज आधीच केली होती म्हणून निभावलं. आमचा स्लॅब आणि तुळया मिळून १२ घनमीटर, म्हणजे दोन नमुने, २८ दिवसांच्या चाचणीचे सहा ठोकळे; ७ दिवसांचे वेगळे. ७ आणि २८ दिवसांच्या निकालाची प्रत शाळेच्या फाईलला लावून घ्या. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी निघतात, त्याहून मोठ्याचे १४, आणि सहा मीटरवरच्या तुळईचे २१. पुढच्या कामासाठी फळ्या हव्यात म्हणून घाई होतेच, तिथे नकार द्यायचा.

मोजमाप पुस्तिकेत नोंद होताना हजर राहा, कारण आतल्या मापाचा वाद नंतर मिटत नाही. ताबा घेताना रॅम्पचा उतार १ ला १२ आहे ना, कठडा आहे ना, हे पाहा. अंतिम देयकानंतरही कंत्राटदाराची सुरक्षा अनामत दोषदायित्वाच्या (दोष त्यानेच दुरुस्त करून द्यायच्या) कालावधीपर्यंत अडकलेली असते. ती सुटण्याची तारीख आम्ही कार्यालयातल्या फळ्यावर लिहून ठेवली आहे. आषाढात भरपूर पाऊस होऊन गेल्यावर छपराखाली, खिडक्यांच्या छज्ज्यांजवळ आणि पट्ट्याच्या जोडावर ओल दिसली की त्याच आठवड्यात फोटोसह पत्र उपअभियंत्यांकडे, आणि पोच घेऊनच परत यायचं.